कागद शे का? अर्थात मामांचा सॅन्सुई

आधी एक छोटी परीक्षा. 'सॅन्सुई' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? मी ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर विचारून पाहिलं. सात जणांपैकी सहा जण म्हणाले, "टीव्ही." सातवा म्हणाला, "ती व्हिडिओकॉनवाली कंपनी ना रे?" अ‍ॅम्प्लिफायर एकालाही आठवला नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. आमचे मोठे मामा १९७८ साली कुवेतला गेले नसते, तर मलाही आठवला नसता.

मामा आयटीआय झालेले फिटर. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचे. (तेव्हा जिल्हा धुळे होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. शहादेकर ही दुरुस्ती करायला लावतातच, म्हणून आधीच करून टाकली.) तीन वर्षं वाळवंटात पाइपांना फ्लँज जोडून ते परत आले तेव्हा घरच्यांसाठी साड्या, घड्याळं, टॉर्च असं बरंच काही आणलं, आणि स्वतःसाठी फक्त एक वस्तू: सॅन्सुई एयू-३१७. काळं तोंड, जाडजूड गोल बटणं, दहा-बारा किलो वजन, आणि पाठीमागे व्होल्टेज बदलायची सोय. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला म्हणून आजोबा आठ दिवस बोलले नव्हते म्हणतात.

मी लहानपणी सुट्टीत मामांकडे जायचो तेव्हा त्या डब्याचं मला भारी आकर्षण. बटण दाबलं की लगेच आवाज यायचा नाही. काही सेकंद शांतता, मग आतून एक 'टक्', आणि मग गाणं. मामा म्हणायचे, "तो आधी स्वतःला तपासतो, मग बोलतो. माणसांनी शिकण्यासारखं आहे." त्याच सुमारास आमच्या घरी सॅन्सुईचा कलर टीव्ही आला. मला वाटलं, आपण आणि मामा एकाच कंपनीचे! शाळेत मी ते सांगतही फिरलो. टीव्ही चांगलाच होता, बारा वर्षं निमूट चालला, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण त्याचा आणि मामांच्या अ‍ॅम्पचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. नाव एक, बाकी काही नाही. हे मला कळायला इंजिनिअरिंगची डिग्री आणि पाच वर्षांची नोकरी लागली.

आता जरा इतिहास. कंटाळू नका, पुढच्या भांडणासाठी तो लागणार आहे.

सॅन्सुई ही १९४७ साली टोकियोत सुरू झालेली कंपनी. सुरुवातीचा माल ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर चांगला बनवता आला की अ‍ॅम्प्लिफायरचं निम्मं अवघड काम झालेलं असतं, त्यामुळे पुढची वाट सरळ होती. १९६५ साली त्यांचा एयू-१११ हा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प आला. १९७१ मध्ये क्यूएस नावाची चार चॅनलची पद्धत आली. आणि १९७७ साली एयू-७१७. मामांचा ३१७ हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ. सत्तरच्या दशकात घरी गंभीरपणे संगीत ऐकणाऱ्या जगभरच्या माणसांच्या कपाटात ज्या जपानी मालिका असायच्या, त्यात ही एयू मालिका पहिल्या रांगेत होती. आपल्याकडे तेव्हा परदेशी माल मिळणं महाकठीण. मुंबईची कॉस्मिक, कलकत्त्याची सोनोडाइन अशा आपल्या कंपन्या त्यांच्या परीने छान काम करत होत्या. पण खरा सॅन्सुई घरात येणार तो आखातातून किंवा बोटीवरून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून.

नावाचा अर्थ सांगायचा राहिला. 'सान' म्हणजे डोंगर, 'सुई' म्हणजे पाणी. वर सातपुडा आणि खाली तापी असलेल्या शहाद्यात ही वस्तू येऊन पडली, हा योगायोग मामांना मी सांगितला तेव्हा ते इतके खूश झाले की विचारू नका.

मग उतरण. सीडी आली, लोकांना छोटे सेट हवेसे झाले, कंपनी तोट्यात गेली. १९८९ साली ब्रिटनच्या पॉली पेक या समूहाने तिचा मोठा हिस्सा घेतला. हा समूह फळांच्या धंद्यातला, डेल मॉन्टेची ताजी फळं विकणारा. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, पॉली पेकच कोसळली. सॅन्सुई पुढे हाँगकाँगच्या एका समूहाच्या हातात गेली. अ‍ॅम्प्लिफायर आधी कमी झाले, मग बंद झाले. २०१४ साली टोकियोतली मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली.

कंपनी संपली, पण नाव कुठे संपलं? ते तर केव्हाच वेगळं काढून भाड्याने दिलेलं होतं. भारतात ते व्हिडिओकॉनकडे होतं. औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना असलेली ही आपली मराठवाड्यातली कंपनी. एका पिढीने रंगीत टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो तिच्यामुळे. २०१८ साली व्हिडिओकॉनही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या तेरा कंपन्या मिळून साठ हजार कोटींहून जास्त रकमेचे दावे. पण सॅन्सुई हे नाव त्यातूनही वर आलं. २०२० च्या आसपास ते दुसऱ्या एका भारतीय समूहाकडे गेलं. जपानमध्येही ते वेगळ्याच कंपनीकडे गेलं. म्हणजे बघा, ज्यांनी डिझाइन केलं ते इंजिनिअर घरी गेले, कारखाने गेले, मालक तीन-चार वेळा बदलले, मूळ कंपनी बुडाली, भाड्याने घेणारी कंपनी बुडाली, आणि सहा अक्षरी इंग्रजी नाव मात्र दर वेळी कोरडंच्या कोरडं बाहेर!

का? कारण नावाला कायद्याचं संरक्षण आहे. ट्रेडमार्क नोंदवलेला असतो, त्याची किंमत ठरते, लिलावात तो वेगळा विकता येतो. आणि अ‍ॅम्प्लिफायर ज्याच्यावर उभा होता त्या कागदांचं काय? सर्किटचे नकाशे, पार्ट्सची यादी, कुठल्या टोकाला किती व्होल्ट पाहिजेत त्याचे तक्ते? ते जपायला कुणीही बांधील नव्हतं. माझं भांडण इथे आहे.

गेल्या दिवाळीआधी मामांचा अ‍ॅम्प गेला. दिवा लागायचा, पण 'टक्' होत नव्हतं आणि आवाजही नाही. मामी म्हणाल्या, "भंगारवाल्याला द्या, लोखंडाचे तरी पैसे येतील." मामा काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू दिलेला तो स्पीकर तरी चालू करून दे बाबा."

इथे मला खाली बघावं लागलं.

२०२१ मध्ये पहिल्या बोनसच्या आनंदात मी मामांना एक वायफाय स्पीकर दिला होता. चांगल्या कंपनीचा, महागातला. दोन वर्षं छान वाजला. मग मामांनी इंटरनेट बदललं, नवा राउटर आला, आणि स्पीकरला नव्या वायफायचा पासवर्ड सांगायची वेळ आली. पासवर्ड सांगायचा कसा? तर फोनवरच्या अ‍ॅपमधून. आणि ते अ‍ॅप कंपनीने काढून टाकलेलं. विचारल्यावर उत्तर आलं, "या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे. नवीन मॉडेलवर तुम्हाला सवलत मिळू शकते." आतला स्पीकर ठणठणीत, अ‍ॅम्प ठणठणीत, कुठेही काही जळलेलं नाही. फक्त त्याच्याशी बोलायची भाषा कंपनीने परत नेली. आज तो मामांच्या कपाटात टॉवेलखाली पडून आहे.

म्हणजे एका घरात दोन बंद पडलेल्या वस्तू. एक सुमारे ४५ वर्षांची, जिची मूळ कंपनी २०१४ सालीच संपली. दुसरी तीन वर्षांची, जिची कंपनी ठणठणीत आहे. यातली कुठली दुरुस्त होईल? तुम्ही ओळखलंच असेल.

अ‍ॅम्प गाडीत टाकला आणि प्रकाशाच्या पुलावरून नंदुरबारला घेऊन गेलो. मंगळ बाजाराच्या बाजूच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले काका आहेत. दुकान म्हणजे सहा फुटांची खोली, आणि चारही भिंतींना अहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर: मंदिरांचे, भजनी मंडळांचे, लग्नाच्या बॅंडवाल्यांचे. काकांनी सॅन्सुईचं झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं, कौतुकाने जीभ टाळ्याला लावून 'टच्' केलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कागद शे का?"

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: सर्किटचा कागद आहे का? मी लॅपटॉप उघडला. सॅन्सुईचं सर्व्हिस मॅन्युअल. ते कंपनीने जपलेलं नाही, नाव विकत घेणाऱ्या कुणीही जपलेलं नाही. त्या काळी कंपनीने मेकॅनिकांना छापून दिलेल्या पुस्तिका हौशी माणसांनी स्वतःच्या घरी स्कॅन करून ठेवल्या, म्हणून ते आज मिळतं. काकांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, झेरॉक्स आण, मोठ्या कागदावर. आणली. ती टेबलावर पसरून, चारी कोपऱ्यांवर स्क्रू ड्रायव्हर ठेवून, पेन्सिलीने रेघ धरत ते वाचायला लागले. आणि मग म्हणाले, "मंग व्हई जाई."

दोन दिवस लागले. आजार काय होता तेही सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. सॅन्सुईने त्या काळात मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून बोर्डावर एक डिंक लावला होता. तेव्हा तो फिकट होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी होतो, थोडी थोडी वीज वाहू देतो आणि आजूबाजूच्या पार्ट्सचे पाय खातो. मामांच्या अ‍ॅम्पमध्ये त्याने दोन रेझिस्टर आणि एका डायोडचा पाय खाल्ला होता. त्यामुळे आउटपुटवर जिथे शून्याच्या जवळ पाहिजे तिथे भलतेच व्होल्ट येत होते. ते पाहून स्पीकर वाचवणारा रिले जोडला जायला नकार देत होता. 'टक्' नाही ते त्यामुळे. म्हणजे अ‍ॅम्प मेलेला नव्हताच, तो मामांचे स्पीकर वाचवत गप्प बसला होता!

बायसच्या साखळीत व्हीडी-१२१२ नावाचा एक खास पार्ट होता. तो आता कुठे बनत नाही. पण कागदावर तो कुठे बसतो, काय काम करतो हे दिसत होतं. एकात एक जोडलेले दोन डायोड, बस. काकांनी तिथे १एन४१४८ जातीचे दोन साधे डायोड एकापुढे एक लावले, रुपया-दोन रुपयांचे. सुकलेले कपॅसिटर बदलले, डिंक खरवडला, रिलेचे पॉइंट साफ केले. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टोकांवर मीटर लावून छोटा स्क्रू फिरवत करंट बसवला. एकूण बिल १,८०० रुपये. चहा त्यांचाच.

आता मुद्द्यावर येतो. इथवर वाचून काही जण 'जुनं ते सोनं' म्हणायला लागले असतील. थांबा. मी त्या पार्टीतला नाही.

जुना अ‍ॅम्प पाण्यासारखी वीज खातो आणि तव्यासारखा तापतो. आज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ सारखी क्लास-डीची एक चिप तळहाताएवढ्या बोर्डावर त्याच्या कित्येक पट ताकद देते, वीज कमी खाते, आणि मीटरवर मोजलं तर आवाजातला बिघाड नगण्य. 'जुन्या अ‍ॅम्पमध्ये आत्मा होता' वगैरे म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आत्मा नव्हता, ट्रान्सफॉर्मर होता. आणि तो घातक डिंकही त्याच सोन्याच्या काळातला आहे, हे विसरू नका.

आणि त्या काळच्या कंपन्या फार सज्जन होत्या, हेही खोटं. एक उदाहरण देतो. एयू-७१७ चं वर्णन त्या काळच्या कागदांवर असं असायचं: दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या सगळ्या पट्ट्यात, प्रत्येकी किमान ८५ वॅट आरएमएस, आणि बिघाड ०.०२५ टक्क्यांहून जास्त नाही. किती प्रामाणिक वाक्य आहे! पण ते असं का लिहिलं जायचं? कारण १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीचे आकडे कसे मोजायचे आणि कसे छापायचे याचा नियम केला. त्याआधी तिथेही प्रत्येक जण वाटेल तो आकडा ठोकून देत होता. नियम झाला, मोठा बाजार हातचा जाऊ नये म्हणून जपानी कंपन्यांनी तो पाळला, आणि त्या प्रामाणिकपणाचा फायदा शहाद्यातल्या फिटरलाही मिळाला.

आपल्याकडे असा नियम रुजला नाही, तर काय झालं? पीएमपीओ झालं. आठवतंय? भिंतीतून जेमतेम पंचवीस वॅट ओढणाऱ्या टेपरेकॉर्डरवर सोनेरी स्टिकर: '२००० वॅट पीएमपीओ'. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दहावीत शिकून आम्ही घरी यायचो, आणि शोकेसमध्ये तो मोडणारी वस्तू ठेवलेली असायची.

सांगायचं हे की आकडे खरे झाले ते नियमामुळे. मग कागद जपले जातील तेही नियमानेच. कंपनीच्या चांगुलपणावर सोडलं तर तिच्या हाती राहतं फक्त नाव, कारण पैसे नावाचे येतात.

माझी मागणी अगदी साधी आहे. वस्तू बनवायचं बंद केलंत? खुशाल करा, धंदा आहे, तोटा होत असेल तर कुणी जबरदस्ती करू नये. पण ज्या दिवशी बंद कराल त्या दिवशी तिचं सर्व्हिस मॅन्युअल, सर्किट आणि पार्ट्सची यादी सगळ्यांसाठी खुली करा. वस्तूला तुमच्या सर्व्हरची गरज असेल, तर सर्व्हर बंद करण्याआधी शेवटचं एक अपडेट द्या, ज्याने ती सर्व्हरशिवाय चालेल. आणि तिसरी गोष्ट: नाव विकायचं तर कागदांसकट विका. जो नाव विकत घेईल त्याने त्या नावाच्या जुन्या वस्तूंचे कागद खुले ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी. जपानी नावाची पुण्याई पाहिजे, मग त्या नावाचं कर्जही घ्या. वारसाहक्कात आपण फक्त दागिने घेऊन शेतीचं कर्ज भावाच्या माथी मारू शकतो का?

यावर नेहमीचे आक्षेप येतात. एकेक घेतो.

"आमची बौद्धिक संपदा आहे." पेटंट वीस वर्षांत संपतं. बंद केलेल्या मॉडेलच्या सर्किटमध्ये असं कुठलं गुपित आहे? आणि प्रतिस्पर्ध्याला ते पाहिजेच असेल, तर तो एक पीस विकत घेऊन उघडतोच. कागद लपवल्याने अडतो तो फक्त मंगळ बाजारातला मेकॅनिक.

"लोकांना शॉक बसेल." बसेल की! बंद केलेल्या अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही वीज साठलेली असते. पण लोक कागद नसतानाही डबे उघडतातच. कुठे हात लावायचा नाही हे कागदावरच तर लिहिलेलं असतं.

"आता दुरुस्त करतं कोण?" हा आक्षेप आपल्यासारख्यांचा, हिंजवडी-बाणेरवाल्यांचा. आपण करत नाही हे खरं. पण अक्कलकुवा-धडगावकडच्या गावांतून होळीच्या आधी अ‍ॅम्प आणि भोंगे दुरुस्तीला नंदुरबारला येतात, तिथे नवीन घ्यायचं म्हणजे वर्गणी काढावी लागते. दुरुस्ती हा तिथे हौसेचा विषय नाही.

सरकार काही करत नाही असं नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती किती सोपी यावर वस्तूंना गुण देण्याच्या कल्पनेवर मे २०२५ मध्ये एका समितीचा अहवालही आला. चांगलंच आहे. पण पोर्टलवर काय द्यायचं हे कंपनीच्या मर्जीवर ठेवलं, की आपल्याला कस्टमर केअरचा नंबर मिळतो, सर्किट नाही. याच्या उलट, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम बघा. तिथे उत्पादकावर ठरावीक प्रमाणात रीसायकलिंग करून घेण्याची जबाबदारी आहे, टार्गेट आहे, नोंदणी आहे. म्हणजे वस्तू रीतसर मोडण्याची सक्ती, आणि ती जगवायला मदत करणं मात्र ऐच्छिक. आधी स्मशानाची व्यवस्था केली, दवाखान्याचं बघू नंतर!

आता शेवटचं, आणि हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. मामांच्या स्पीकरच्या कंपनीला मी मनसोक्त शिव्या दिल्या. पण गेल्या वर्षी माझ्याच टीमने एका जुन्या उपकरणाची सर्व्हिस बंद केली. टिकेट माझ्या नावावर होतं. वापरणारे कमी राहिले होते, सर्व्हरचा खर्च परवडत नव्हता, कारणं सगळी बरोबर होती. शुक्रवारी संध्याकाळी मी ते बंद केलं, टिकेट 'डन' मध्ये ओढलं आणि आम्ही सगळे बिर्याणी खायला गेलो. त्या उरलेल्या 'कमी' लोकांमध्ये कुणाचे तरी मामा असतील, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खोटं कशाला बोलू? मुळीच आला नाही. वस्तू मारणारा कुणी दुष्ट शेठजी नसतो. तो मीच असतो, आयडी कार्ड गळ्यात घातलेला.

दिवाळीनंतर मी एक नवीन टिकेट टाकलं. पुढच्या वेळी कुठलीही सर्व्हिस बंद करताना, तिच्याशिवाय उपकरण कसं चालवता येईल याची सोय आणि कागद आधी द्यायचे. मॅनेजर म्हणाले, "आयडिया चांगली आहे," आणि बॅकलॉगमध्ये टाकलं. अजून तिथेच आहे. मी दर स्प्रिंटला ते वर काढतो, ते दर स्प्रिंटला खाली जातं. तुम्हीही आपापल्या ठिकाणी असं एक टाका. दहा ठिकाणी खाली गेलं तर एका ठिकाणी वर राहील. पुण्यातल्या अर्ध्या कंपन्यांत आपणच तर बसलोय.

मामांचा अ‍ॅम्प आता उत्तम चालू आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बटण दाबलं, सगळे श्वास धरून बसलो, आणि 'टक्' झालं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता पुन्हा रात्री झोप नाही." भंगारवाल्याचा विषय परत निघाला नाही.

काकांकडून अ‍ॅम्प घेताना मी ती झेरॉक्सही घडी करून पिशवीत घालायला लागलो होतो. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, कुठला पार्ट बदलला, कुठे किती व्होल्ट मिळाले ते. काकांनी हात पुढे केला.

"कागद आठेच ऱ्हाऊ दे."

म्हटलं, काका, सॅन्सुई तर बंद झाला, परत कोण आणणार आहे? ते काही बोलले नाहीत. कागद नीट चार घड्या करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला, अहुजाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर.